वाफेचं मशीन घेण्याआधी

सोमवार आमच्याकडे बाजाराचा. त्या दिवशी दुकानात मान वर करायला फुरसत नसते. गेल्या जूनमधल्या पहिल्या सोमवारी अशाच गर्दीत एक तरुण बाप आला, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. सिमेंट हाताच्या रेषांत बसलेलं. पाचशेच्या चार नोटा काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाला, "डॉक्टर, वाफेचं मशीन द्या. पोराला दमा आहे."

मी डॉक्टर नाही. औषधाचं दुकान चालवतो, सोळा वर्षं झाली. पण तालुक्याच्या गावात काउंटरमागे उभ्या माणसाला लोक डॉक्टरच म्हणतात. म्हणून आधीच सांगून ठेवतो: कुणाला कोणतं औषध किती, हे या लेखात ठरणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मात्र त्यांनी लिहिलेली चिठ्ठी दुकानापर्यंत येते तेव्हा तिचं काय होतं, पैसे कुठे मुरतात आणि कुठे वाचवता येतात, हे मी रोज बघतो. तेवढंच सांगतो.

त्याच्याकडे चिठ्ठी मागितली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला कागद निघाला. त्यावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या: ब्यूडेसोनाइडचा इन्हेलर रोज, साल्ब्यूटामॉलचा इन्हेलर लागेल तेव्हा आणि एक स्पेसर, म्हणजे इन्हेलरला, आपल्या भाषेत पंपाला, लावायचा पोकळ डबा. मशीनचं नावही नव्हतं. तीनपैकी त्याने एकच घेतलं होतं, साल्ब्यूटामॉल. "त्याने लगेच बरं वाटतं," म्हणाला. "दुसऱ्याने काहीच फरक पडत नाही असं शेजारचे म्हणाले, म्हणून नाही घेतला."

दम्यावर पैसे वाया जातात ते नेमके इथे.

दम्यात फुप्फुसात जाणाऱ्या बारीक नळ्यांना आतून सूज असते. ती खोकला नसतानाही असते, पोरगं अंगणात हुंदडत असतं तेव्हाही असते. मग धूर, धूळ, सर्दी, गार वारा, काहीतरी निमित्त होतं आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. त्यात चिकट कफाची भर. वाट अरुंद होते, श्वास सोडताना सुंई वाजते, माणूस उठून बसतो. साल्ब्यूटामॉल किंवा लेव्होसाल्ब्यूटामॉल हे आवळलेले स्नायू सैल करतं. पाचेक मिनिटांत गुण येतो, चार-सहा तास टिकतो. सुजेला मात्र ते हात लावत नाही. सूज उतरवायचं काम ब्यूडेसोनाइड, बेक्लोमेटासोन, फ्लुटिकासोन या औषधांचं. ती सावकाश काम करतात, दिवसांत आणि आठवड्यांत. आज घेतलं आणि आज फरक दिसला, असं होत नाही.

कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे चटकन कळतं. छप्पर गळतंय. तुम्ही खाली बादली ठेवता. बादली हवीच, नाहीतर अंथरूण भिजेल. पण कौलं परतून घेतल्याशिवाय गळती थांबत नाही. साल्ब्यूटामॉल म्हणजे बादली. रोजचा ब्यूडेसोनाइड म्हणजे कौलं परतणं. आणि वाफेचं मशीन? जरा मोठी बादली. त्या बापाने दोन हजार रुपये उसने आणले होते ते मोठ्या बादलीसाठी.

नुसत्या साल्ब्यूटामॉलवर दमा सांभाळणं धोक्याचं आहे, हे आता जगभर मान्य आहे. दम्याच्या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसाला किंवा किशोरवयीन मुलाला नुसता हा एकच पंप देऊन सोडू नये, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा त्याहून जास्त पंप संपत असतील, तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो. माझ्याकडे महिन्याला एक नेणारी माणसं आहेत. त्यांना वाटतं औषध चांगलं लागू पडतंय.

<b>मशीन नेमकं काय करतं</b>

नेब्युलायझर, म्हणजे हे वाफेचं मशीन, काही औषध नव्हे. डब्यात हवा दाबणारी मोटर असते. ती हवा नळीतून एका कपात जोराने शिरते आणि कपातल्या पातळ औषधाचे इतके बारीक थेंब करते की ते श्वासाबरोबर खोल जावेत, एक ते पाच मायक्रॉनचे. ते धुक्यासारखं दिसतं, म्हणून आपण वाफ म्हणतो. पण ती वाफ नाही, गरमही नसते. हा शब्द फार घोटाळे करतो. पातेल्यातल्या गरम पाण्यात निलगिरी टाकून घेतलेली वाफ आणि हे मशीन, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पातेल्याच्या वाफेने दम्याची नळी उघडत नाही. निलगिरीच्या उग्र वासाने काहींना उलट जास्त धाप लागते, आणि पातेलं उलटून भाजलेली लेकरं दरवर्षी दवाखान्यात येतात. मशीनच्या कपात ओव्याचा अर्क टाकणारी एक मावशीही मी पाहिली आहे. कपात जायचं ते फक्त नेब्युलायझरसाठी बनवलेलं औषध आणि गरज असेल तर निर्जंतुक सलाइन. नळाचं पाणी नाही, उकळून गार केलेलंही नाही.

आता हिशोब बघा. साल्ब्यूटामॉलच्या एका नळकुंडीत, जिला आपण रेस्प्यूल म्हणतो, २.५ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक रेस्प्यूल वजनाने पंचवीस फवाऱ्यांइतकी. पण गुण पंचवीस फवाऱ्यांचा येत नाही. बरंच औषध कपाच्या तळाशी राहतं, बरंच मास्कच्या भोकांतून खोलीत उडतं. फुप्फुसात पोचतो तो थोडा हिस्सा. उलट पंपाला स्पेसर लावून चार ते दहा फवारे एकेक करून दिले, तर साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये मशीनइतकाच उपयोग होतो. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासून हा निष्कर्ष निघालेला आहे. मुलांमध्ये तर स्पेसरने दिल्यावर छातीची धडधड कमी होते.

म्हणजे दोन हजारांचं मशीन आणि तीन-चारशेचा स्पेसर यांत डावं-उजवं फारसं नाही. स्पेसरला वीज लागत नाही हे वेगळंच. आमच्याकडे वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाइट जाते आणि दमाही नेमका त्याच रात्री उठतो.

मग मशीन कुणी घ्यावं? ज्यांच्या घरी स्पेसरचा मास्क तोंडावर ठेवूच देत नाही असं तान्हं मूल आहे. ज्या आजोबांचे हात थरथरतात, पंप दाबणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नाही आणि स्पेसरही जमत नाही. ज्यांना डॉक्टरांनी घरी नियमित नेब्युलायझेशन लिहून दिलंय. यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांनी आधी स्पेसर घ्यावा, मशीनचे पैसे बाजूला ठेवावेत.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. दवाखान्यात गंभीर अटॅकला नेब्युलायझर लावतात तेव्हा बहुतेक वेळा सोबत ऑक्सिजन चालू असतो. घरचं मशीन खोलीतली हवाच देतं. म्हणून 'घरी मशीन आहे' या भरवशावर रात्र काढायला जाणं महागात पडतं, पैशाने नव्हे, जिवाने. दम्याचे जगातले साधारण १३ टक्के रुग्ण भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त सांगतात. नियमित औषध न घेणं आणि उशिरा पोचणं, या दोन गोष्टी त्यामागे आहेतच.

<b>स्पेसर, आणि पाण्याची बाटली</b>

पंप नुसता तोंडात धरून दाबला की बराचसा फवारा जिभेवर आणि घशावर आपटतो. स्पेसर म्हणजे मध्ये धरलेला पोकळ डबा. फवारा आधी त्यात येतो, वेग मोडतो, आणि माणूस आरामात श्वासाने आत ओढतो. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक फवारा दाबायचा, पाच-सहा साधे श्वास. मग अर्धा मिनिट थांबून पुन्हा हलवून दुसरा. दोन्ही फवारे एकदम डब्यात मारून बसणारे पुष्कळ आहेत. त्यात औषध डब्यालाच चिकटतं. चार वर्षांखालच्या मुलाला मास्कवाला लागतो. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला पाहिजे. रडतंय म्हणून बोटभर लांब धरला, तर निम्म्याहून जास्त औषध हवेत गेलं समजा. मशीनच्या मास्कलाही हेच लागू.

दर आठवड्याला स्पेसर भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की आतल्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला धरून बसतं. तोंडात धरायचा भाग तेवढा साध्या पाण्याने धुवा.

आणि तीनशे रुपयेही नसतील तर? दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला हाच प्रश्न होता. १९९९ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञ हेदर झार आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी छापली. थंड पेयाची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिक बाटली घ्यायची, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, फटी गोंदाने बंद करायच्या आणि बाटलीच्या तोंडातून मुलाने श्वास घ्यायचा. अटॅक आलेल्या मुलांमध्ये ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. प्लॅस्टिकचा पेला मात्र तितका चालला नाही. मुद्दा बंदिस्तपणाचा आहे: भोक पंपाच्या आकाराचं, मागून हवा न गळणारं. तिथे तारेला पंपाच्या तोंडाचा आकार देऊन, ती तापवून भोक पाडतात. ते काम मोठ्यांनी उघड्यावर करावं, आतले प्लॅस्टिकचे कण धुऊन काढावेत आणि वापरण्याआधी बाटली डॉक्टरांना किंवा सिस्टरना दाखवावी. विकतचा मिळत असेल तर विकतचाच घ्या. पण नाही म्हणून पंप तसाच तोंडात मारण्यापेक्षा बाटली शंभर पटींनी बरी.

<b>चिठ्ठीवरचे पैसे</b>

'महिन्याचं औषध परवडत नाही' हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकतो. ते खोटं नसतं. पण चिठ्ठी उलगडली की बऱ्याचदा दिसतं की औषधाचे पैसे दुसऱ्याच गोष्टींवर गेलेत. खोकल्याची दोन सिरपं, एक अँटिबायोटिक, टॉनिक. दम्याचा अटॅक बहुतेक वेळा जिवाणूंमुळे नसतोच, तिथे अँटिबायोटिकचं काम नाही. खोकल्याचं सिरप सूज उतरवत नाही. "यातलं सगळ्यात गरजेचं कोणतं?" असं डॉक्टरांना तोंडावर विचारायला लाजू नका. पैसे कमी आहेत हेही सांगा. चांगला डॉक्टर चिठ्ठी बदलून देतो. न सांगता निम्मी औषधं घेतली तर कोणती निम्मी घ्यायची हे शेजारी ठरवतात, आणि शेजाऱ्यांना नेहमी लगेच बरं वाटणारंच औषध आवडतं.

ब्रँडचं नाव न बघता खालची बारीक अक्षरं वाचा. तेच औषध, तीच मात्रा, तोच प्रकार असेल तर दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळू शकतं. जनऔषधी केंद्रात चौकशी करा, ती योजना २००८ पासून आहे. इन्हेलर प्रत्येक केंद्रात प्रत्येक वेळी असतोच असं नाही, म्हणून जाण्याआधी फोन करा. साल्ब्यूटामॉल, ब्यूडेसोनाइड, ब्यूडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही औषधं देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक यादीत आहेत, त्यामुळे यादीतल्या मात्रांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. साध्या साल्ब्यूटामॉलऐवजी लेव्होसाल्ब्यूटामॉल लिहिलं असेल आणि ते महाग पडत असेल तर विचारून बघा. बहुतेकांना दोन्हींचा गुण सारखाच येतो.

पण 'प्रकार' या शब्दावर जरा थांबा. पंप, कोरड्या पावडरच्या कॅप्सूल आणि मशीनचे रेस्प्यूल यांची मात्रा एकमेकांना लागू होत नाही. १००, २०० आणि ४०० हे आकडे छापलेली खोकी सारखी दिसतात, पण औषध दुप्पट-चौपट असतं. आणि रंगावर जाऊ नका. निळा म्हणजे अटॅकचा, तपकिरी म्हणजे रोजचा, असं सगळ्या कंपन्या पाळत नाहीत. घरी दोन्ही पंपांवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: 'रोज' आणि 'धाप'.

कॅप्सूलची म्हणजे रोटाकॅपची पद्धत आपल्याकडे इतकी चालते त्यामागे पैसाच आहे. कॅप्सूल फोडून पावडर ओढायचं यंत्र स्वस्त, आणि ३० कॅप्सूलची एक बाटली घेतली की पंधरा दिवस भागतात. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला एकदम मोठा पंप घेण्यापेक्षा हे झेपतं. वाईट काहीच नाही. फक्त पावडर जोरात ओढावी लागते, त्यामुळे लहान मुलांना आणि धाप लागलेली असताना ती जमत नाही. कॅप्सूल गिळायची नाही, हे मी प्रत्येक बाटलीसोबत सांगतो. तरीही एक आजी तीन महिने पाण्याबरोबर गिळत होत्या आणि "काही गुण नाही बघ बाळा" म्हणत होत्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर पावडर ओलसर होऊन चिकटते. लागेल तेव्हाच एक काढा, ओल्या हाताने नको.

सरकारी दवाखान्याचं लोक विसरतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. गावच्या केंद्रात रोजचा पंप मिळाला नाही तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. आशाताईंना आधी विचारलं तर एक फेरी वाचते.

स्वस्ताचा एक मार्ग मात्र खरंच महाग आहे. 'पंप नको, गोळ्या द्या.' साल्ब्यूटामॉलच्या किंवा थिओफिलिन गटाच्या गोळ्या स्वस्त असतात, पण औषध सगळ्या अंगभर फिरतं. हात कापतात, छाती धडधडते, झोप उडते आणि फुप्फुसात पोचतं थोडंसं. त्याहून वाईट म्हणजे दर महिन्याला स्टिरॉइडच्या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स परस्पर घेणं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. अटॅकमध्ये डॉक्टरांनी दिलेला कोर्स जीव वाचवतो, तो घ्यायचाच. पण तो रोजच्या पंपाला पर्याय नाही.

आणि गंमत अशी की याच गोळ्या घेणारी माणसं पंपातल्या स्टिरॉइडला, म्हणजे ब्यूडेसोनाइडसारख्या औषधाला, घाबरतात. मोठ्या माणसाचा अटॅकमधला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइड गोळीचा रोजचा डोस ४० मिलिग्रॅम असू शकतो. पंपातून मुलाला दिवसाला मिळतात समजा २०० मायक्रोग्रॅम. दोनशे पटींचा फरक. औषधं वेगळी, त्यामुळे थेट तुलना अगदी काटेकोर नाही, पण अंदाज येतो. पंपाचे दुष्परिणाम शून्य आहेत असंही मी म्हणणार नाही. तोंडात पांढरा थर येऊ शकतो, आवाज बसू शकतो, म्हणून फवाऱ्यानंतर चूळ भरायची. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांच्या उंचीत साधारण सेंटीमीटरभर फरक पडू शकतो. सतत अटॅक येणाऱ्या, रात्ररात्र जागणाऱ्या पोराची वाढही खुंटतेच. 'सवय लागते' हे मात्र निखालस खोटं. चष्म्याची जेवढी सवय लागते तेवढीच.

<b>मशीन घरात असेलच तर</b>

किंमत विचारून घ्या. २०२१ च्या जुलैत सरकारने नेब्युलायझरवरच्या व्यापारी नफ्याला ठराविक मुदतीसाठी ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण खोक्यावरची छापील किंमत आणि खरा भाव यांत अंतर असतं. मीही कमी करून देतो, सगळेच देतात, फक्त विचारावं लागतं. कॉम्प्रेसरवालंच घ्या. अल्ट्रासॉनिक प्रकारात ब्यूडेसोनाइडचं औषध नीट उडत नाही.

हात धुवा, कपात औषध घाला, कप उभा धरा, रुग्णाला बसवा, झोपवू नका. पाच ते दहा मिनिटांत कप फुरफुरायला लागतो. मग टिचकी मारायची, भिंतीवरचे थेंब खाली येतात. पुन्हा फुरफुरलं की संपलं. तळाशी थोडं राहतंच. अर्धी उरलेली रेस्प्यूल कापसाचा बोळा लावून सकाळसाठी ठेवू नका. त्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं. ब्यूडेसोनाइड दिलं असेल तर नंतर चूळ भरायची आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा.

प्रत्येक वेळी कप आणि मास्क साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, झटकून, स्वच्छ फडक्यावर वाळवायचे. मोटर आणि नळी पाण्यात घालायची नाही. दोन-तीन दिवसांतून एकदा एक वाटी पांढरा व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी, यात अर्धा तास बुडवून धुऊन घ्या. मशीनचा छोटा फिल्टर काळपट झाला की बदला, तो फार महाग नसतो. गल्लीत एकच मशीन असेल तर मशीन फिरू दे, कप आणि मास्क ज्याचा त्याचा. सुट्टा संच मिळतो.

आता घाईचं. बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ किंवा नखं निळसर पडतात, पोरगं मलूल होतं, किंवा सुंई वाजायची थांबते पण धाप तशीच राहते, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. ती येईपर्यंत स्पेसरने फवारे चालू ठेवा, साधारण चार फवारे एकेक करून आणि गरज राहिली तर वीस मिनिटांनी पुन्हा. तुमच्या माणसासाठी नेमका आकडा किती, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या आणि कागद देवघराशेजारी चिकटवा. फवाऱ्यांनी बरं वाटलं पण तीन-चार तास होण्याआधी पुन्हा गरज लागली, तर सकाळची वाट बघू नका.

काउंटरवरून दिसलेल्या दोन गोष्टी जाता जाता. काहींना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्यांनी दमा उसळतो, म्हणून गोळी मागताना "मला दमा आहे" एवढं बोला. आणि काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब डोळ्यांत घालणाऱ्या दम्याच्या आजी-आजोबांनी ते थेंब डोळ्यांच्या डॉक्टरांना परत दाखवा. डोळ्यातला थेंबही नळ्या आवळू शकतो.

त्या बापाशी मी एवढं सगळं बोललो नाही. गर्दी होती. बिलाच्या मागच्या बाजूला त्यालाच लिहायला लावलं, गेल्या थंडीतल्या एका अटॅकचा खर्च. जीप ३००, दोनदा वाफ ३००, सिरप-गोळ्या ४५०, दोन दिवसांचा बुडालेला रोज १०००. दोन हजार पन्नास. असे अटॅक किती आले? तो बोटं मोजत राहिला. तीन, म्हणाला, मग चार. मी रोजचा पंप पुढे ठेवला. २०० फवारे, चिठ्ठीप्रमाणे सकाळी एक, रात्री एक. शंभर दिवस. दिवसाला तीन-साडेतीन रुपये पडत होते. स्पेसरसकट घेऊन त्याच्या हातात हजारावर रुपये परत गेले.

पंपावर आकडा दाखवणारा काटा नव्हता. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती करू नका, त्यातून काही कळत नाही आणि पंपाच्या तोंडात पाणी शिरतं. मी म्हटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन रेघा मारा. शाळेत जाणाऱ्या पोरालाच मारू दे.

मधल्या पावसात तो एकदा आला, म्हणाला गुण दिसत नाही. महिना पुरा होऊ दे म्हटलं. मग आलाच नाही, मला वाटलं सोडलं यांनी.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी आजीचा हात धरून एक सात वर्षांचा पोरगा काउंटरशी आला. नाक काचेला लावून म्हणाला, "सोळा फवारे शिल्लक आहेत. पुढच्या बाजारापर्यंत पुरतात. पण बाबा म्हणाले आजच आण."